पंचवटीच्या उतारावर आखडलेला हातब्रेक

मित्रांनो, मोटार दिसली की तुम्ही तिचे दिवे बघता, भोंगा दाबून बघता. चालकाच्या हाताशी उभ्या असलेल्या लोखंडी दांड्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. तो जुना दांडा म्हणजे मी. मला हातब्रेक म्हणतात. उभ्या गाडीला जागच्या जागी धरून ठेवणे, एवढेच माझे काम.

माझा जन्म विलायतेतल्या कारखान्यात झाला. बोटीने मी मुंबईला आलो आणि एकोणतीस साली आमची गाडी नाशिकच्या वेणीमाधव वकिलांनी घेतली. गाडी चालवायला निसार होता. सडपातळ, कमी बोलणारा माणूस. दर शुक्रवारी सकाळी तो गाडीखाली शिरून माझ्या सांध्यांना तेल देई. मला ओढले की बुडाशी असलेल्या दातेरी पट्टीवर कट कट करीत मी आठ दात वर येई आणि मागची दोन्ही चाके घट्ट धरी. त्र्यंबकच्या चढावर गाडी उभी करून निसार खुशाल खाली उतरत असे. वकील लोकांना सांगत, "आमची मोटार डोंगरावरसुद्धा हलायची नाही!" ते ऐकून मला फार बरे वाटे.

पुढे वकिलांची कामे वाढली. खेड्यापाड्यांत जाताना गाडी नदीनाल्यांच्या पाण्यातून जाऊ लागली. मला मागच्या चाकांशी जोडणाऱ्या तारांच्या नळ्यांत चिखलपाणी शिरले. वर्षातून एकदा गाडी खोलून साफ करायची, ते राहून गेले. "कोर्टाला सुट्टी लागली की बघू," वकील म्हणत. सुट्ट्या आल्या आणि गेल्या. मी जड झालो. छत्तीस सालच्या हिवाळ्यात निसारला मला ओढायला दोन्ही हात लागू लागले, तरी मी तिसऱ्या दाताच्या पुढे जाईना.

निसारने गाडी लियाकत मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीने आधी मला तारांशी जोडणारी सळई सोडवली आणि मला हलवले. मी सहज हललो.

"दांडा ठीक आहे," तो म्हणाला.

मग तो गाडीखाली आडवा झाला. डाव्या चाकाची तार ओढली, ती जड होती पण सरकली. उजवी मात्र जागची हलेना. ती गंजून नळीलाच चिकटली होती. मिस्त्रीने तिच्यात रॉकेल सोडले, ठोकून पाहिले. व्यर्थ.

तेवढ्यात वकील आले. मिस्त्री म्हणाला, "साहेब, ही तार बदलावी लागेल. मुंबईहून येईपर्यंत चार दिवस गाडी इथेच राहू द्या."

"चार दिवस? अरे, उद्या आमच्या मालिनीला बघायला पाहुणे येताहेत. त्यांना टांग्यातून फिरवू का?"

"साहेब, उतारावर धोका आहे."

"पायाचा ब्रेक लागतो ना? मग झाले तर."

मिस्त्रीने निसारकडे पाहिले. निसारने मान खाली घातली. सळई पुन्हा मला जोडली गेली.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना घेऊन आम्ही पंचवटीत गेलो. नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर वकिलांनी गाडी थांबवायला सांगितली. "इंजिन चालूच ठेव. पाहुण्यांसमोर ते पुन्हा सुरू करायला हँडल मारत बसू नकोस."

खालच्या बाजूला भागीबाई मेथीच्या जुड्या मांडून बसली होती. ती ओरडली, "दादा, हितं नका लावू, लय उतार हाय!"

निसारचा पाय ब्रेकवर होता. वकील त्याला म्हणाले, "उतर, दार उघड."

"साहेब, पाय काढला तर गाडी सरकेल."

"हातब्रेक ओढ आणि उतर! मंडळी ताटकळलीत."

निसारने मला दोन्ही हातांनी ओढले. त्याच्या मनगटाच्या शिरा तट्ट फुगल्या. मी तीन दात वर आलो. तो घाबरत उतरला आणि त्याने दार उघडले. पाहुणे उतरताना गाडीला हिसका बसला. एका चाकाच्या बळावर मी किती धरणार? गाडी सुटली. निसार मडगार्ड धरून फरफटत ओरडत होता, "मावशी, उठा!" भागीबाई म्हातारी होती. तिला उठता आले नाही.

तिसऱ्या दिवशी ती गेली.

मित्रांनो, आता सांगतो ते सांगताना मला लाज वाटते. गाडीची तपासणी व्हायच्या आतच वकिलांनी दुसऱ्या कारागिराकडून दोन्ही तारा नव्या घालून घेतल्या. तपासनीस आला. त्याने दोन बोटांनी मला ओढले. कट कट करीत मी आठ दात वर आलो. "ब्रेक उत्तम आहे," त्याने लिहिले. भागीबाईची मुलगी नवसाबाई तिथेच उभी होती. ती निसारला एवढेच म्हणाली, "दादा, येवढं वढायला तुमाला काय झालं व्हतं?"



वकिलांनी कोर्टात शपथेवर सांगितले, की ड्रायव्हरने ब्रेक ओढलाच नाही. लियाकत मिस्त्री साक्षीला उभा राहिला. "आरोपी तुझ्या शेजारीच राहतो ना?" असे त्याला विचारले गेले आणि त्याची साक्ष तिथेच संपली. निसारला आठ महिन्यांची कैद झाली. मालिनीचे लग्न त्याच पाहुण्यांकडे झाले.

पुढे वकिलांनी नवी मोटार घेतली आणि आमची गाडी मिस्त्रीच्या शेडमध्ये येऊन पडली. तुरुंगातून सुटल्यावर निसार तिथे आला. तो आत बसला. त्याने मला ओढले, सोडले, पुन्हा ओढले.

"लियाकतभाई, त्या दिवशी मी दोन्ही हातांनी ओढला होता."

"मला माहीत आहे, निसार."

"नवसाबाईला माहीत नाही."

निसारने पुन्हा कधी गाडी चालवली नाही.

मित्रांनो, यंत्र आखडते तेव्हा ते काहीतरी सांगत असते. तेव्हाच थांबा, आणि ते खोलून पाहा. मिस्त्री "थांबा" म्हणाला, तर पाहुण्यांना टांग्यातून न्या. टांग्यातून गेल्याने कुणाची अब्रू जात नाही. मला जीभ असती तर त्या तपासणीच्या दिवशी मी नवसाबाईला खरे ते सांगितले असते. तुम्हांला जीभ आहे.