अर्ध्या वितीवरची पेर

आकारामची उभी हयात उसात गेली होती. यंदा ऊस तुटल्यावर सोळा गुंठ्यांत उन्हाळी भुईमूग करायचं त्यानं ठरवलं आणि बियाण्याच्या शेंगा उचगावला मशीनवर तासाभरात फोडून आणल्या.

त्याची बायको तानाबाई गावातल्या शेतीशाळेला जाऊन आली होती. तिनं सोळांतल्या आपल्या चार गुंठ्यांपुरत्या शेंगा मशीनवर जायच्या आधीच काढून ठेवल्या, आठवडाभर हातानं फोडल्या, सुरकुतलेले नि साल गेलेले दाणे निवडून टाकले. उरलेल्यांना बुरशी लागू नये म्हणून औषधाची पूड हलक्या हातानं चोळून ते सावलीत वाळवले. आकाराम हसला.

पेरतानाही तेच. त्यानं दीड-दीड फुटांवरच्या ओळींत वीतवीत अंतरावर दाणे टाकले. झाडाला ऐसपैस जागा पाहिजे, असं त्याचं म्हणणं. तिनं फूट-फूटभरावरच्या ओळींत अर्ध्या वितीवर एकेक दाणा बोटानं मातीत टोकला.

दहाव्या दिवशी तो बांधावर आला आणि जागीच थिजला. तिचं रान हिरवंगार, त्याच्यात निम्म्यावर टक्कल. कावळ्यांनी खाल्लं असणार म्हणत त्यानं बोटानं माती उकरली. दाणा जागेवरच होता. काळा, बुळबुळीत, कुबट वासाचा. त्यानं दुसरीकडं उकरलं, तिसरीकडं उकरलं. सगळीकडं तेच.

"मशीननं साल खरवडलीया," तानाबाई शांतपणे म्हणाली. "तितनंच बुरशी शिरली."

तरी त्याला आशा होती. मे महिन्यात त्यानं एक झाड उपटलं, तर पंचवीस-तीस शेंगा! तिच्या झाडाला जेमतेम दहा-बारा. शेजारच्या बाळासोला त्यानं ते मुद्दाम दाखवलं.

शेंगा वाळल्यावर बाळासोनं दोघांच्या एकेका गुंठ्याचं वजन केलं. त्याच्या भरल्या अकरा किलो. तिच्या सव्वीस. आकारामनं काटा तपासला, परत वजन करायला लावलं. सव्वीसच. गुंठ्याला तिची झाडंच किती जास्त होती, हे त्यानं कधी मोजलंच नव्हतं. तो तिथंच पोत्यावर बसला, दुपारी जेवायलाही उठला नाही.

संध्याकाळी बाळासो परत आला. फुडल्या साली त्यालाही भुईमूग करायचा होता, बी किती नि कसं धरायचं, विचारत होता. आजवर शेतातलं काहीही आकारामनंच सांगायचं, अशी घरची रीत. या वेळी त्यानं तानाबाईकडं बोट केलं.

"मला न्हाय ठावं," तो म्हणाला. "तिला इचार की."