मुईची जागा

लिन-चेने लाकडाच्या भिजवलेल्या ढलप्यांचं चिकट पाणी तळहातावर घेतलं आणि कपाळापासून मागे केसांवर चोपडलं. विरळ केस घट्ट ओढून अंबाडा घातला. पांढऱ्या सदऱ्याची बटणं काखेपर्यंत लावली. खालच्या दुकानात उभ्याउभ्याच काळी कॉफी घेऊन ती मठाच्या वाटेला लागली.

लग्न न करण्याची शपथ घेऊन चीनमधल्या कँटनजवळच्या खेड्यात हा अंबाडा पहिल्यांदा बांधला, तेव्हा शेजारी मुई बसली होती. दोघी एकाच बोटीने पेनांगला आल्या आणि परक्यांची मुलं वाढवता वाढवता म्हाताऱ्या झाल्या. नववर्षानंतर मुई वारली.

मठाच्या मागच्या दालनात शपथ पाळलेल्या बायकांच्या नावांच्या पाट्या मांडलेल्या असत. मागे मूलबाळ नसलेल्यांना उदबत्ती मिळायची ती इथेच. बाई जिवंत असेतो तिच्या पाटीवर लाल कागद असे. लिन-चेची पाटी मुईच्या पाटीला खेटून होती. आज शेजारी मोकळी जागा होती.

“मुई कुठंय?”

मठ सांभाळणारी साम-कू दिव्याची काच पुसत राहिली. “मागच्या खोलीत. झाकून ठेवलीय हो, धूळ नाही बसायची.”

“का?”

“मला काय विचारतेस? आवाज तुझाच आहे. विद्यापीठाच्या प्रदर्शनात कानाला लावून ऐकायची सोय केलीय. मठाच्या समितीच्या बायका काल ऐकून आल्या. मुईला मुलगी झाली होती, ती दुसऱ्या घरी देऊन टाकली… एवढं ऐकल्यावर त्या तिला इथं ठेवतील?”

लिन-चे बाकावर बसली.

विद्यापीठातली सिउ-वान वर्षभर दर बुधवारी येऊन तिच्या आठवणी ध्वनिमुद्रित करत होती. शहरातल्या मुलं सांभाळणाऱ्या जुन्या दाया संपत चालल्या, त्यांचं बोलणं जपायला हवं, असं म्हणायची. येताना गरम सोयाची खीर आणायची. मुई इस्पितळात होती, त्या आठवड्यात लिन-चेला एकटीला तिच्या मुलीचं गुपित पेलवेना. ती बोलली, आणि लगेच म्हणाली, हे कुणाला ऐकवायचं नाही. सिउ-वानने तिचे दोन्ही हात धरून शब्द दिला होता.

तीच आता दारात चपला काढत होती. लिन-चेला प्रदर्शनाला न्यायला आली होती.

“पो-पो,” तिने आजीला मारावी तशी हाक मारली, “चला ना! लोक तुमच्याबद्दल विचारतायत. एक बाई तर ऐकताना रडली.”

“मुईचं का ऐकवलंस?”

सिउ-वान गोंधळली. “त्या होत्या तोवर मी ते कुणालाही दिलं नाही. पण आता त्या गेल्या. मला वाटलं, आता त्यांना कसला त्रास?”

“जिवंतपणी तिला कोण काय करणार होतं? राबत होती, खात होती. जागा लागते ती गेल्यावर.”

मोकळ्या जागेकडे लक्ष जाताच सिउ-वानचा चेहरा उतरला. “मी आजच तो भाग काढून टाकते.”

“साम-कूच्या कानातनं काढशील?”

साम-कू जोरात काच घासू लागली. सिउ-वान रडू लागली, तेव्हा सवयीने लिन-चेचा हात रुमालाकडे गेला. पण तिने तो बाहेर काढला नाही.

“पो-पो, माझ्या मनात वाईट नव्हतं.”

“माहीत आहे. जा आता. बुधवारी येऊ नकोस.”

सिउ-वान चपला घालून निघून गेली.

लिन-चे उठली. मागच्या खोलीतून कापडात गुंडाळलेली मुईची पाटी आणली. मग बाकावर चढून वरच्या फळीवरची स्वतःची पाटी उतरवली.

“अगं, चळलीस का? तुझ्याबद्दल कुणी चकार शब्द काढलेला नाही!” साम-कू धावत आली. “दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत नेऊन ठेवणार? तू गेल्यावर घरमालक भंगारात टाकेल दोन्ही. उदबत्ती कोण लावणार तुला?”

“मला नाही माहीत.”

“मग ठेव परत. समितीला मी काही सांगत नाही.”

लिन-चेने बाजाराच्या पिशवीत आधी मुईची पाटी उभी केली. तिला टेकून आपली ठेवली, कागद फाटू नये म्हणून मधे रुमाल घातला. बाकावर उमटलेली पावलं पुसली, साम-कूला वाकून नमस्कार केला आणि पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून ती उन्हात उतरली.