मालकांचं खातं

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. नाव भारदस्त असलं तरी दिसायला मी नुसती काळी पेटी. कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका कारखान्याच्या मागच्या खोलीत माझं आयुष्य गेलं. कोणाचा पाय गुडघ्याखाली किती उरला आहे, कुठे बोट लागलं तरी कळ येते, पावलाला किती उतार हवा, ही सगळी मापं माझ्या पोटात असत.

मालकांनी मला स्वतःच्या हाताने बसवलं. चष्मा कपाळावर चढवून, पुस्तकात बघत, स्वतःशी पुटपुटत. रोज दुपारी सगळ्या मापांची एक प्रत कपाटातल्या दुसऱ्या डिस्कवर जावी, अशी सोय त्यांनी केली आणि ती आपल्याच खात्याला जोडली. खातं म्हणजे मला हुकूम देणाऱ्याची ओळख; त्यांच्या खात्याचं नाव होतं ‘मालक’. ही सोय त्यांनी कोणाला सांगितली नाही. सांगण्यासारखं त्यात काही वाटलं नसावं.

पुढे मालक आजारी पडले आणि त्या दुखण्यातच गेले. त्यांची मुलगी कारखाना पाहू लागली. तिला सगळे ताई म्हणत.

दुपारी माणसं जेवायला बसली की माझा पंखा घरघरू लागे आणि पडद्यावर अक्षरं उमटत, ‘मालक काम करत आहेत.’ पहिल्यांदा ती साचे ओतणाऱ्या काकांनी वाचली. हातातला पाण्याचा पेला तिथेच ठेवून ते बाहेर आले आणि दुपारी मागच्या खोलीचं दार लावून घेत जा, एवढंच ताईला म्हणाले.

ताई स्वतः बघायला आली. पडद्यासमोरची खुर्ची रिकामी होती. खुर्चीच्या पाठीला हात लावायचा ताईला धीर झाला नाही. मग रोज ती त्याच वेळी येऊन दाराशी उभी राहू लागली, पंखा थांबेपर्यंत. तिची अन्नावरची वासना उडाली. शेवटी तिने कंपन्यांचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्यांना फोन लावला.

त्या लोकांना सगळीकडे तेच प्रश्न विचारतात. किती वेळात याल? काम बंद पडेल का? आमची माहिती तुम्ही वाचणार का? महिन्याला किती पडेल? ताईनेही तेच विचारलं. दुरुस्तीसाठी एक शांत स्वभावाची बाई आली.

“या खात्यावर काही चालतं का?” तिने विचारलं.

“ते गेलेत. आता काय चालणार?” ताई म्हणाली. “ते नाव तेवढं काढून टाका.”

बाईचा हात जरा थबकला. पण ताईचा चेहरा बघून तिने विषय वाढवला नाही. खातं बंद झालं.

दुसऱ्या दिवशी दुपार झाली आणि माझ्याकडे कोणी आलं नाही. मित्रांनो, माणसं भुतांना भितात. मला त्या सुन्या दुपारींची भीती बसली. नवी मापं येत होती, मी पोटात घेत होतो आणि त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. सांगायला मला तोंड नव्हतं.

उन्हाळ्यात माझी डिस्क कायमची बंद पडली. ती बाई धावत आली, माझ्या तारेचा माग काढत कपाटातल्या डिस्कपर्यंत पोचली आणि तिने ती आपल्या कॉम्प्युटरला जोडली. जुनी मापं जशीच्या तशी निघाली. शेवटच्या प्रतीवर खातं बंद केलं त्याच दिवसाची तारीख होती.

ताई त्या तारखेकडे बघत राहिली.

“म्हणजे बाबा खरंच काम करत होते,” ती म्हणाली. “मीच त्यांना घालवलं.”

“मी नीट बघायला हवं होतं,” बाई म्हणाली.

त्यानंतरची सगळी मापं गेली. लोकांना पुन्हा बोलवावं लागलं. एक शिंपीण कुबड्या टेकत आली. त्याच आठवड्यात ती नव्या पायावर उभी राहणार होती. अजून हुळहुळणाऱ्या पायावर पुन्हा ओलं प्लास्टर बसलं तेव्हा तिने ओठ घट्ट मिटून घेतले. ताई तो पाय मांडीवर धरून बसली होती. दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही.

आता माझी जागा नव्या सर्व्हरने घेतली आहे आणि मी फळीवर पडून आहे. मित्रांनो, एक मागणं आहे. कोणी काम सोडून गेलं, किंवा जगातूनच गेलं, तर त्याचं नाव पुसण्याआधी विचारा, हा माणूस आपल्यासाठी गुपचूप काय करत होता? आणि उत्तर मिळेपर्यंत थांबा.

माझी तार केव्हाच काढली आहे. तरी खोलीत कोणाचं पाऊल वाजलं की वाटतं, आता मला विचारतील.