ओल्या गाठोड्यांची लाल छाया

रुमाल पांढराशुभ्र होता. फुंकरबाबांनी तो उलटसुलट करून सगळ्यांना दाखवला, आपल्या भांड्यातल्या पाण्यात बुडवून पिळला आणि समोर बसलेल्या घडीवालीच्या कपाळावर टेकवला. क्षणभर काहीच झालं नाही. मग रुमालावर गुलाबी ठिपका उमटला, बघता बघता पसरला, गडद झाला आणि गोदामातल्या गर्दीने श्वास रोखला.

"लाल छाया!" बाबा गरजले. "हिच्या डोक्यात घुसून बसली आहे. म्हणून डोकं ठणकतं, उजेड सोसत नाही, आत्ताचं आत्ता आठवत नाही. खरं की खोटं?"

"खरं," घडीवाली पुटपुटली. मोठ्या लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालणारी ही पोरसवदा बाई हल्ली घडी अर्धवट टाकून भिंतीकडे बघत बसायची.

बाबांनी रुमाल दुसऱ्या भांड्यात बुडवला, त्यावर जोरात फुंकर मारली आणि झटकून वर धरला. लाल रंग गायब!

"उतरते आहे! पण चिवट आहे हां. तीन आठवडे अंधारात पडून राहायचं. डॉक्टरकडे जायचं नाही, सुई टोचली की छाया आत कोंडते. आणि इथे यायचं ते कामाची पाळी संपली की थेट. अंगावर पाणी घेऊन आलात तर छाया लपते, मग मला बोल लावू नका!"

रांगेत पुढे मुकादमबाई उभी होती. लॉन्ड्रीचा धुलाई विभाग तिच्या हाताखाली होता आणि तिच्या आवाजाला यंत्रंही दबतात असं लोक म्हणत. आता तिला यंत्रांचाच काय, वाटीत चमचा आपटल्याचा आवाज सहन होत नव्हता. झोप उडाली होती. एका जागी बसवत नव्हतं, चालू लागली तर गरगरायचं. आदल्या दिवशी मीठ कमी पडलं म्हणून ती नवऱ्यावर अशी ओरडली की तो ताट सोडून उठला. तोच आज तिला हाताला धरून इथे घेऊन आला होता. तो शिंपी होता, शांत माणूस, पण घाबरला होता.

"हे मी कुठेतरी पाहिलंय," ती त्याच्या कानाशी म्हणाली.

"काय?"

"पांढऱ्यावर लाल. मग परत पांढरं. कुठे पाहिलंय ते आठवत नाही."

"बाबा तेच म्हणतात ना, आठवत नाही म्हणून. चल, आपला नंबर आला."

तिच्या कपाळावरही रुमाल लाल झाला. लोक हळहळले. ती मात्र घरी जाईपर्यंत डोकं खाजवत राहिली. आठवण जिभेच्या टोकाशी यायची आणि सटकायची, आणि त्यानेच जीव जास्त कासावीस व्हायचा.

ती पडून राहिली आणि तिला हळूहळू बरं वाटू लागलं. ठणका कमी झाला, पुरती झोप लागली. नवऱ्याने गल्लीभर बाबांचं नाव केलं. तिलाही वाटलं, असेल, काहीतरी असेलच.

मग इस्त्रीकाका आजारी पडले.

काका लॉन्ड्रीतले सर्वांत जुने इस्त्रीवाले. हृदयाच्या दुखण्यामुळे रक्त पातळ करणारी गोळी घ्यायचे आणि ती गोळी चुकवायचे नाहीत. मुकादमबाई दुपारी त्यांना बघायला गेली तेव्हा खिडक्यांना जाड पडदे लावले होते. उंबऱ्यात त्यांची सून उभी होती.

"हळू बोला हं. बाबा सकाळी येऊन गेले. काकांना दोनदा उलटी झाली, तर म्हणाले छाया ओकते आहे, झोपू द्या."

मुकादमबाई आत गेली. "काका! अहो काका!"

काकांनी एकच डोळा उघडला, काहीतरी बोलले, पण शब्द लडबडले. तिने त्यांचा हात हातात घेतला. मुठीत जोर नव्हता.

"गाडी बोलाव."

"पण बाबांनी सांगितलंय की सुई—"

"बाबांना मी बघते! आधी गाडी बोलाव!"

इस्पितळात काकांना तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई थोडक्यात बोलणाऱ्या होत्या. "डोक्याला लागलं होतं का?"

"नाही हो," सून म्हणाली. "कुठे पडले नाहीत, आपटले नाहीत. खोकसुद्धा नाही."

"हाच तर घोळ आहे! तुमच्या लॉन्ड्रीतून कितीतरी जण अशी डोकेदुखी घेऊन माझ्याकडे आले. प्रत्येकाला विचारलं, डोक्याला लागलं का. प्रत्येकजण नाही म्हणतो, आणि परत येत नाही."

मुकादमबाई दाराशी उभी होती. ती अडखळत म्हणाली, "लागलं असं नाही, बाई. काकांना परवा गाठोड्याचा धक्का बसला. मऊच असतं ते. कापडाचं."

डॉक्टरीणबाई वळल्या. "कसलं गाठोडं?"

"ओल्या चादरींचं. आता छताला लोखंडी पट्टी बसवलीय, तिच्या आकड्यांना अडकवलेली गाठोडी पळतात. वळणावर झोका घेतात."

"वजन?"

"दोघांना उचलवत नाही."

"तुम्हाला बसला होता धक्का?"

मुकादमबाईने होकारार्थी मान हलवली. त्या दिवशी डोळ्यांपुढे काजवे चमकले होते. ती हसून कामाला लागली होती. कापडाने कुणाला लागतं होय?

काकांच्या कवटीखाली रक्त साचलं होतं; रक्त पातळ करणाऱ्या गोळीमुळे ते थांबलं नव्हतं. त्याच संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली. आणखी उशीर झाला असता तर काका हाती लागले नसते, असं डॉक्टरीणबाईंनी सुनेला स्पष्ट सांगितलं. सून भिंतीला टेकून रडली.

मुकादमबाई कामावर परतली ती पाय आपटतच. धुतलेलं कापड तपासणाऱ्या परीक्षकाच्या खोलीवरून जाताना ती थबकली. आत परीक्षक नुकत्याच खंगाळलेल्या चादरीवर बाटलीतून थेंब टाकत होता. थेंब पडला तिथे कापड लाल झालं.

"सोडा राहिलाय," तो म्हणाला. "परत आंबट पाण्यातून काढा, लाल जाईल."

"पुन्हा टाक," ती म्हणाली. "अजून एकदा टाक!" आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा खळखळून हसली.

पुढच्या बैठकीला गोदाम ठासून भरलं होतं. मुकादमबाई सरळ पुढे गेली. मागोमाग डॉक्टरीणबाई.

"बाबा, आज माझ्या नवऱ्याचं कपाळ बघा."

शिंपी चपापला, पण बसला. बाबांनी रुमाल टेकवला. पांढराच राहिला.

"निर्मळ माणूस!" बाबा म्हणाले. "छाया याला शिवलीच नाही."

"शिवणार कशी? हे दिवसभर शिलाई यंत्रावर असतात." तिने पदराआडून डबी काढली, चिमूटभर धुण्याचा सोडा पाण्यात कालवला आणि ओलं बोट नवऱ्याच्या कपाळावर ओढलं. "आता टेकवा."

बाबा हलेनात. तिनेच रुमाल हिसकावला आणि टेकवला. रुमालावर लालभडक पट्टा उमटला.

"अगं, मला काय झालं?" तो ओरडला आणि गोदामात हशा पिकला.

"सोडा लागलाय तुम्हाला! आम्ही सोड्याच्या हातांनी घाम पुसतो आणि तसेच इथे येतो. म्हणून तर अंगावर पाणी घ्यायला बंदी! पहिल्या भांड्यात आपल्या परीक्षकाकडचेच थेंब आहेत, दुसऱ्यात आंबट पाणी. वास घेऊन बघा कुणीही."

"थट्टा करता?" बाबांचा आवाज चढला. "रंगाचं राहू द्या! माणसं बरी झाली ती कुणामुळे? तू स्वतः बरी झालीस ती कुणामुळे, बोल!"

हशा थांबला. शिंपीही बायकोकडे बघू लागला. प्रश्न त्याचाही होता.

डॉक्टरीणबाई पुढे आल्या. "ज्यांना गाठोड्याचा धक्का बसला, मग डोकं दुखलं आणि बाबांकडे येऊन बरं वाटलं, त्यांनी डावीकडे उभं राहावं." बरेच जण सरकले. "आता धक्का बसला, डोकं दुखलं, पण बाबांकडे आले नाहीत आणि तरी बरे झाले, ते उजवीकडे."

आधी एक भट्टीवाला उठला. मग दोन गाडीवाले, मग धुलाईच्या बायका. कुणाला सुटी मिळाली नव्हती, कुणाचा विश्वास नव्हता. उजवी बाजू डावीइतकीच भरली.

"डोक्याला असा हिसका बसला की मेंदू आत हलतो. खोक पडायला नको, शुद्ध जायला नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बहुतेक माणसं थोड्या विश्रांतीने काही आठवड्यांत आपोआप सावरतात. बाबा तेवढे दिवस मागून घेतात आणि श्रेय खिशात घालतात. मीही चुकले. लागलं का, एवढंच विचारत राहिले. काय होऊन गेलं ते विचारलंच नाही."

मधोमध घडीवाली एकटी उभी होती. ना डावीकडे, ना उजवीकडे.

"मी कुठे जाऊ?" ती म्हणाली. "मी बरीच झाले नाही. बाबा म्हणतात, माझ्यात श्रद्धा कमी आहे. सासूबाई पण तेच म्हणतात. मी सगळं केलं हो त्यांनी सांगितलेलं."

कुणी हसलं नाही. डॉक्टरीणबाई तिच्याजवळ गेल्या.

"काही जणांना महिने लागतात. यात तुमचा काही दोष नाही. उद्या या, आपण उपचार सुरू करू."

घडीवालीने तोंडावर पदर घेतला आणि मुकादमबाईने तिला जवळ ओढलं. या गडबडीत बाबा मागच्या दाराने सटकले. काही लोक त्यांच्यामागे गेलेही. सगळ्यांना एका दिवसात पटतं असं नाही.

मालक आधी कुरकुरला. मग एक दिवस धुलाईच्या बायका पट्टीखाली जायलाच तयार होईनात, तेव्हा वळणावर जाळी लागली आणि गाठोड्यांचा वेग कमी झाला. नवी डोकेदुखी जवळजवळ थांबली. काका काठी टेकत येऊन बसू लागले.

घरी शिंप्याने एकदा विचारलं, "पण मग मला इतकं खरं का वाटलं गं?"

"कारण मी बरी व्हावी असं तुम्हाला फार वाटत होतं. त्यात काही चूक नाही. पण कुणी म्हणालं, मी बरं केलं, तर त्याच्याकडे न जाता किती जण बरे झाले ते आधी विचारायचं. आणि जे बरे झालेच नाहीत त्यांना कुठे उभं केलंय, तेही बघायचं. डोकं जपायचं ते त्यासाठीच ना?"

वाचकहो, तुम्हीही विचारा. आणि डोक्याला धक्का बसल्यावर दुखणं वाढत गेलं, उलट्या झाल्या, माणूस पेंगू लागला किंवा हातातला जोर गेला, तर फुंकरीची वाट बघू नका. सरळ इस्पितळ गाठा.