मागच्या रांगेतली जागा

सकाळी सव्वासात वाजता तिने पडदा स्वतः बाजूला केला. एक कडी दांडीवर अडकली, ती तिने बोटाने सोडवली, आणि खोलीत उजेड आला — राखाडी, सपाट, कुणाचीही बाजू न घेणारा. क्लिनिकला हवा होता तसाच. चार फोटो: समोरून, दोन्ही बाजूंनी, पाठीमागून. साधी भिंत, अंगावर कमीत कमी कपडे, चेहरा नको. दुसऱ्या देशातल्या त्या क्लिनिकच्या बाईने हे सगळं इतक्या नम्रपणे कळवलं होतं, की त्यात काही अवघड मागितलंय असं कळवणाऱ्या बाईला तरी वाटलेलं दिसत नव्हतं.

"लवकर आटपा," बायको म्हणाली. "आठची बस आहे माझी."

त्याने फोन वर धरला. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती आणि या एकवीस वर्षांत तिने आधी दिवा मालवला नाही असं कधी झालं नव्हतं. लग्नानंतर काही दिवस तो त्याला लाजरेपणा समजत होता, मग सवय समजू लागला, आणि मग त्याने समजणंच सोडून दिलं. त्याच्या हातांना ती पूर्ण ओळखीची होती. डोळ्यांना नव्हती. कमरेच्या वर डाव्या बाजूला एक तीळ आहे हे त्याच्या बोटांना कित्येक वर्षं ठाऊक होतं, पण तो तांबूस असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं… नाडीचा करकोचा पोटाभोवती पडला होता, तो हळूहळू विरत होता, आणि तो विरताना बघण्याइतका वेळ आपल्याला मिळतोय, या विचारात त्याने फोटो काढायला क्षणभर उशीर केला.

"वळू?"

"वळ."

ती वळली. खांद्यांपासून खाली पाठ रुंद होत गेली होती, मग एक वळण, मग दुसरं. लोक याला काय म्हणतात ते त्याला माहीत होतं. जाड. लठ्ठ. तोंडावर बोलायचं असेल तर अंगानं भरलेली, अंगानं बरी. यांतला एकही शब्द त्याने बघितलेल्या गोष्टीला बसत नव्हता, आणि बसेल असा शब्द त्याच्यापाशी नव्हता, म्हणून त्याने नुसतं बटण दाबलं.

"झालं?"

"एक अजून. हलला हा."

फोटो हलला नव्हता. चारही नीट आले होते. पाचवा त्याने काढला तेव्हा ती मान वळवून, अजून किती, अशा चेहऱ्याने त्याच्याकडे बघत होती.

तिने गाऊन चढवला आणि पडदा ओढला.

"चारच पाठवा. आणि पाठवले की पुसा. दुकानात कुणाच्या हाती लागले तर मी तोंड दाखवायची नाही कुणाला." दाराशी ती थांबली. "आणि साडेपाचला या. पैसे सहाच्या आत गेले पाहिजेत, नाहीतर ती तारीख दुसऱ्याला देतील."

"बरं," तो म्हणाला.

बरं — हेच तो पहिल्या दिवशीही म्हणाला होता. ती एका तपासणी केंद्रात लोकांचं रक्त काढते. केंद्र दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गुडघे गेलेत, साखर वर चाललीय, आणि दुसऱ्यांचे आकडे बघण्यात जिचा दिवस जातो तिला स्वतःच्या आकड्यांचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. वजन कमी करायच्या ऑपरेशनला विमा कंपनीने हात वर केले होते. त्यांच्या लेखी ही हौस होती. इथल्या रुग्णालयाने सांगितलेला खर्च ऐकून दोघं न बोलता पायऱ्या उतरले होते. परदेशात तो जाण्यायेण्यासकट निम्म्यात होत होता. तिने सगळी चौकशी एकटीने केली, सोबत म्हणून थोरल्या बहिणीला तयार केलं, आणि मग एका रात्री जेवताना विचारलं, की दुकानाशेजारचा गाळा घ्यायला ठेवलेले पैसे… तिचं वाक्य पुरं व्हायच्या आतच तो बरं म्हणाला होता. तिने घास तसाच हातात धरून त्याच्याकडे बघितलं होतं. इतक्या लवकर होकार मिळेल असं तिला वाटलं नसावं, असं त्याने तेव्हा धरलं.

दुकानात एक जुना सोफा उलटा करून ठेवला होता. सोफ्यांना आणि खुर्च्यांना नवं कापड चढवायचं, बसलेल्या स्प्रिंगा बदलायच्या, हे त्याचं काम. खालचं कापड उसवलं की आत काय काय सापडतं… तो बैठकीखाली ताणायचे पट्टे कापत होता आणि मनात म्हणत होता, जठराचा मोठा भाग काढून टाकतात, उरलेलं शिवतात, एवढंच आहे. शिवण मी रोज बघतो. शिवण चांगली असली की टिकते. पण मी उसवतो ते पुन्हा भरायला. कमी करून परत केलेली वस्तू माझ्या दुकानातून आजवर गेलेली नाही.

"काय दादा," धाकटा चुलतभाऊ पलीकडून म्हणाला. दुकानात त्याची निम्मी भागीदारी होती आणि बडबडीत पूर्ण. "वहिनी निघाली म्हणे?"

"पुढच्या महिन्यात."

"येताना अर्धीच येणार. विमानतळावर अडवतील बघ — बाई, बाकीचं सामान कुठाय?"

तो हसला. हसणं आपोआप झालं, आणि मग बराच वेळ ते तोंडात खडा राहिल्यासारखं राहिलं.

"नाही, चांगलंच आहे म्हणा," चुलतभाऊ खिळे चाळत म्हणाला. "वहिनी एकदम मुलगी दिसायला लागेल. तू मात्र सांभाळ. शेजारी उभा राहिलास तर सासरा वाटशील."

यालाही तो हसला. पण हे खरं होतं, म्हणजे विनोदाच्या खाली जे होतं ते. ती हलकी होऊन येईल, जिना चढेल, लोक बघतील, वेगळ्या डोळ्यांनी बघतील. आणि मग एके दिवशी ती त्याच्याकडे बघेल — नखांत काथ्याचे धागे अडकलेला, दहा वाक्यांना एक बरं म्हणणारा माणूस. आपण हा का पत्करला होता, असं तिला वाटेल. आपल्याला दुसरं कोण मिळणार होतं, असं वाटून पत्करला असेल, तर ते कारण आता संपेल… मला तिचं जाणं नको आहे की तिचं बदलणं नको आहे, की माझं उघडं पडणं नको आहे? हे तिन्ही वेगळं करून बघावं असं त्याला वाटलं, पण तिन्ही एकाच पट्ट्यात विणलेलं होतं.

तो मागच्या खोलीत गेला. चार फोटो पाठवले. चार पुसले. पाचवा पुसायला बोट ठेवलं, आणि तिची ती वळवलेली मान, ते कंटाळलेले, ओळखीचे डोळे… त्याने फोन खिशात टाकला. थंडीच्या दिवसांत ती झोपेत पाठ टेकवून सरकायची आणि त्याचा सगळा गारठा ती पाठ घेऊन टाकायची, हे त्याला आठवलं. आठवलं म्हणजे दुपारी, भर दुकानात, अंगाला जाणवलं. सकाळीच समोर असलेल्या, बसने कामावर गेलेल्या, संध्याकाळी घरी भेटणाऱ्या माणसाची आठवण इतकी येऊ शकते हे त्याला नवीन होतं.

साडेपाचला तो घरी पोचला तेव्हा ती जेवणाच्या टेबलाशी बसली होती, पाय स्टुलावर, गुडघ्यावर बर्फाची पिशवी.

"फोटो?"

"पोचले. चालतील म्हणाली ती बाई."

"हुश्श. सुटले मी." ती आज खुशीत होती. तो समोर बसला आणि फोनवर बँकेचं पान उघडून क्लिनिकचा खाते क्रमांक बघून बघून भरू लागला, तोवर ती बोलतच होती: ताईने नवी बॅग घेतली, केंद्रातल्या मुली निरोप समारंभ करणार म्हणतात, जसं काही मी परत येणारच नाही. "मला काय पाहिजे माहितीय? जमिनीवर बसायचंय आणि उठायचंय. कुणाचा हात न धरता. बाकी काही नको." मग हसून म्हणाली, "आणि तुमच्या भाच्याच्या लग्नात पहिल्या रांगेत बसायचंय. तुम्हाला काळजी नको, मागं भिंतीकडे नेऊन बसवायची."

त्याचं बोट थांबलं. "मागं?"

"जाऊ द्या. भांडत नाहीये मी."

"नाही, मागं म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे?" तिने बर्फाची पिशवी दुसऱ्या गुडघ्यावर सरकवली. आवाज शांत होता. खूप दिवस वापरून गुळगुळीत झालेली गोष्ट सांगावी तसा. "कुठंही गेलो की तुम्ही दोन पावलं पुढं. आधी आत शिरून कोण कोण आलंय बघणार, मग मला न्यायला येणार, आणि नेऊन बसवणार कोपऱ्यात. नाटकाला खांबामागं. आमच्या डॉक्टरांकडच्या जेवणाला स्वयंपाकघराच्या दाराशी. कळायचं मला. म्हटलं, ह्यांना लाज वाटते तर वाटू दे, वागवतात तर नीट. आणि ऑपरेशनचं काढलं तर एका क्षणात बरं म्हणालात, गाळ्याचे पैसे मोडून. तेव्हा म्हटलं, बाई गं, किती दिवस वाट बघत होता हा माणूस."

तो तिच्याकडे बघत राहिला. खांबामागच्या रांगेला जुन्या सागवानी खुर्च्या होत्या, नव्या रांगांना पत्र्याच्या. स्वयंपाकघराच्या दाराशी होतं ते भिंतीत रोवलेलं बाक; दिवाणखान्यात सगळ्या काड्यांसारख्या पायांच्या खुर्च्या. एकेक जागा त्याला आठवत होती, लाकडासकट, सांध्यांसकट. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी एका बारशाला तिच्याखालची खुर्ची मोडली होती, सगळे हसले होते, सगळ्यांत मोठ्यांदा ती हसली होती, आणि त्या रात्री दिवा मालवल्यावर ती आवाज न करता रडत होती. तेव्हापासून मी पुढं जातो. हाताने बैठक दाबतो, पाय हलवून बघतो, कुणाचं लक्ष नसताना. हे सांगितलं तर लाजेचा डाग जाईल. पण मग तिला कळेल की गेलेल्या प्रत्येक ठिकाणी, आत पाऊल टाकायच्या आधी, मी तिचं वजन मनात उचलून बघितलेलं आहे. यांतलं कुठलं तिला कमी लागेल हे त्याला ठरवता येईना. आणि गप्प राहिलं तर ती त्याच्यासाठीही ऑपरेशनच्या टेबलावर जाऊन पडणार होती, परक्या देशात, त्याने कधी केलीच नव्हती त्या मागणीसाठी.

"खुर्च्या बघायचो," तो म्हणाला.

"काय?"

"आत जाऊन. कोण आलंय ते नाही. खुर्च्या. कुठली धरेल ते."

शीर सापडेनाशी झाली की ती दंडाकडे जशी बघते, तशी ती त्याच्याकडे बघू लागली.

"कधीपासून?"

"ती एक मोडली ना. बारशाला. तेव्हापासून."

"वीस वर्षं?"

"एकोणीस."

"मेलं एकोणीस!" ती म्हणाली. बर्फाची पिशवी धरून तिने पाय स्टुलावरून खाली घेतले. "आणि एकदाही बोलला नाहीत."

"काय बोलायचं? तुला वाटलं असतं, हा सारखा वजनच मोजतोय."

"मग काय करत होतात?"

याला त्याच्याकडे उत्तर होतं, सकाळपासून होतं, पण ते शब्दांत नव्हतं.

तिने बसल्या जागी खुर्चीच्या कडेखाली हात घातला. "हिला काय केलंय?"

"दुहेरी पट्टे. आतून लोखंडी कोन."

"त्या बाकीच्या तिघींना?"

"त्यांनाही."

"म्हणजे सगळ्याच."

"ती घडीची सोडून."

घडीची खुर्ची खिडकीशी होती, इस्त्रीच्या कपड्यांसाठी ठेवलेली. तिने बर्फाची पिशवी टेबलावर ठेवली, टेबलाला रेटा देऊन नेहमीसारखी दोन टप्प्यांत उठली, तिकडे गेली, कपडे उचलून पलंगावर ठेवले. त्याचे पाय टेबलाखाली आपोआप हलले.

"बसा तिथंच," ती म्हणाली.

आणि ती बसली, हळू, हात मांड्यांवर ठेवून. खुर्ची एकदा कुरकुरली. मग कुरकुरायची थांबली.

खुर्चीचे पाय कुठे वाकताहेत, बिजागरी धरते की नाही, हे बघायचं त्याच्या ध्यानातच आलं नाही. तो तिच्याकडे बघत होता, आणि ती ते बघू देत होती. ती रागावली आहे की नाही हे त्याला सांगता येईना. तिलाही ते ठाऊक नसावं. जाऊ नको असं त्याला म्हणायचं नव्हतं, हे त्याला आत्ता कळलं. काय म्हणायचं होतं ते मात्र अजून वर येत नव्हतं.

सहाला सात मिनिटं होती. खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे भरायचे राहिले होते. पैसे अजून गेले नव्हते.