ही सुमन कोण?

रेवती पेडणेकर मनानं वाईट मुलगी नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. कारण पुढचं ऐकून तुम्हाला तिचा राग येणार आहे. येऊ दे. तिला स्वतःला तो रोज येतो.

मुलुंडची मुलगी. समाजशास्त्रात पीएचडी करत होती. विषय होता गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका. गिरण्या चालू होत्या तेव्हा कोकणातून एकट्या आलेल्या कामगारांना ज्यांनी दोन वेळ जेवू घातलं, त्या. विषय झकास होता आणि रेवतीनं हट्टानं प्रबंध मराठीत लिहायला घेतला होता. डिपार्टमेंटमधल्या मैत्रिणी म्हणायच्या, "यार, मराठीत कोण वाचणार?" त्यावर हिचं उत्तर तयार असायचं, "ज्यांच्यावर लिहिलंय त्या वाचतील." बोलायला काय जातं! पण तेव्हा ती हे मनापासून बोलायची, हेही खरं.

मुलाखतींसाठी ती बऱ्याच बायकांकडे गेली, पण तिचा जीव जडला तो घाटकोपरच्या प्रेमाआजीवर. संपात नवऱ्याची गिरणी बंद पडली, तशी आजीनं लालबागची खोली विकून पंतनगरात बिऱ्हाड आणलं होतं. आता नवरा नाही, मुलगा नाही. नातू सुयोग आणि त्याची बायको श्रुतिका, दोघंही नोकरीवाले. दुपारी घरात आजी एकटी. रेवती दुपारीच जायची. दार उघडायच्या आधीच आतून हाक यायची, "इलंस गो?" त्यानंतर "जेवलंस?" कुळथाची पिठी आणि भात पोटात गेल्याशिवाय मुलाखतीचं नाव काढायचं नाही, हा आजीचा नियम. कधी कधी पोट इतकं भरायचं, की रेकॉर्डर पर्समधून बाहेरच यायचा नाही.

एका दुपारी आजी लसूण सोलत होती. रेवतीनं रेकॉर्डर चालू केला आणि सवयीनं सुरुवात केली, "प्रेमाआजी, आज लग्नाबद्दल सांगा."

"सांगतंय. पण आधी एक लिवन ठेव. प्रेमा ह्या माझा नाव न्हय."

"म्हणजे?"

"बापाशीन ठेवलेला नाव आवडी. चार चेडवांच्या पाठीर मी झालंय, पाचवी पोर. सगळी म्हणीत, परत चेडू झाला. बापूस म्हणालो, झाला तर झाला, माका आवडता. म्हणान आवडी."

भिंतीवर एका करड्या चेहऱ्याच्या बाईचा हार घातलेला फोटो होता. आजीनं लसणीच्या हातानंच तिकडे बोट केलं. ती आजीची सासू. तिचंही नाव आवडीच होतं. आता आली का पंचाईत! सुनेला रागावायचं तर सासूचंच नाव घेऊन रागवायचं? घरातल्यांनी लग्नातच निकाल लावून टाकला. ताटात तांदूळ पसरले, कोणाची तरी उसनी अंगठी आणली आणि नवऱ्यानं प्रेमा असं लिहिलं.

"तांदळात नवा नाव लिवल्यानी," आजी म्हणाली, "मगे तेच तांदूळ रांधूक माकाच दिल्यानी."

रेवतीनं रेकॉर्डर चालू आहे ना ते पाहिलं. संशोधक होती ती, अशी वाक्यं ऐकायला तर गेली होती. खोटं कशाला बोला, त्या क्षणी तिला आजीची कणवही आली आणि प्रकरणाचं शीर्षकही सुचलं, दोन्ही एकदमच.

आजी पुढे सांगत राहिली. माहेरी गेलं की तेवढी आवडी म्हणून हाक ऐकायला मिळायची. मग बापूस गेला, आई गेली, बहिणी गेल्या. धाकटा भाऊ धोंडू फोनवरून "गो आवडे" म्हणून ओरडायचा, तोही करोनात गेला. आता त्या नावानं हाक मारणारं कोणी उरलंच नव्हतं. सुयोगला, श्रुतिकाला ते नाव ठाऊकही नव्हतं. सांगायला गेलं तर पोरं हसतील, असं आजीला वाटायचं.

"तुझ्या पुस्तकात आवडी घाल गो. माका अक्षरा लावन वाचूक येतत. छापलेला एकदा बघूचा आसा. घालशील मा?"

"बघू ना, आजी," रेवती म्हणाली.

बघू! मुंबईत बघू म्हणजे काय, हे काय कोणाला शिकवायला हवं? पण आजीनं तो होकार धरला. माणसाला जे हवं असतं तेच ऐकू येतं. खूश होऊन तिनं रेवतीच्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवली आणि म्हणाली, "घरात कोण नसताना तू माका आवडी म्हण." तेव्हापासून रेवती म्हणायला लागली. दुपारच्या शांत घरात "आवडीआजी" असं म्हटलं की म्हातारीचा चेहरा असा काही खुलायचा, की हिलाच लाजल्यासारखं व्हायचं.

रेवतीनं अगदीच काही केलं नाही असं नाही. ती नंदकिशोर सरांना विचारायला गेली. सर तिचे मार्गदर्शक, पद्धतीला पक्के. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"माहिती देणाऱ्याची ओळख झाकायची, हा आपला नियम आहे. त्यांच्या भल्यासाठीच आहे तो."

"पण सर, त्यांनाच नको असेल तर? त्यांना नाव हवंय."

"मग वाट आहे की. नैतिकता समितीकडे अर्ज करा, कारण लिहा, त्यांची संमती नव्यानं घ्या. मी सही करतो. फक्त समितीची बैठक कधी होईल याचा भरवसा नाही. तुमचं सबमिशन लांबेल. विचार करून सांगा."

विचार कसला? मुलुंडच्या एका कॉलेजात जागा निघणार होती आणि पीएचडी हातात नसेल तर तिथं कोणी उभंही करणार नव्हतं. घरी आई रोज विचारायची, "कधी संपणार गं तुझं एकदाचं?" रेवतीनं अर्ज केला नाही. पुढच्या आठवड्यात करू म्हणाली, मग त्याच्या पुढच्या. शेवटी टाइप करताना त्या पिढीला शोभेल असं एक नाव सुचलं ते घातलं. सुमन. कॉम्प्युटरला सांगितलं, जिथं जिथं आवडी असेल तिथं तिथं सुमन कर. क्षणात झालं. सासरच्यांना निदान ताट, तांदूळ आणि उसनी अंगठी तरी लागली होती.

आणि त्याच प्रबंधात तिनं एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं, लग्नात बाईचं नाव बदलणं ही कशी हिंसा आहे त्यावर. मार नाही, शिवी नाही, तरी हिंसा. मोठमोठे सिद्धांत आणले होते. संशोधक आणि ज्याच्यावर संशोधन होतं त्याच्यातल्या सत्तेबद्दलही चार पानं होती, फार सुंदर भाषेत. त्या सगळ्या पानांवर आजी सुमन होती. हे ना सरांच्या लक्षात आलं ना प्रबंध तपासणाऱ्यांच्या. रेवतीच्या लक्षात आलं होतं. प्रूफ वाचताना ती एकदा थांबली होती, आणि मग तिनं पान उलटलं होतं.

व्हायवाचा, म्हणजे तोंडी परीक्षेचा, दिवस ठरला. व्हायवा खुला असतो, कोणीही येऊन बसू शकतं. रेवतीनं कौतुकानं आजीला बोलावलं. नावाचं विसरली होती का? छे. नंतर निवांत बसून समजावू, असं तिनं स्वतःला सांगून ठेवलं होतं.

आजी आली. ठेवणीतलं हिरवं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा वळेसर. श्रुतिकानं हाफ डे टाकला होता आणि रिक्षानं घेऊन आली होती. ती रेवतीच्या कानाशी म्हणाली, "ताई, कालपासून नुसती घाई लावलीय हो यांनी. म्हणे माझं नाव येणार. अहो, कसलं नाव म्हणून विचारलं तर नुसत्या हसतात." रेवतीनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं. पण तेवढ्यात बाहेरच्या परीक्षक बाई आल्या आणि आजी पहिल्या रांगेत जाऊन बसलीसुद्धा.

सुरुवात चांगली झाली. रेवतीनं मांडणी केली आणि नाव बदलण्याच्या प्रकरणातला उतारा जोरात वाचला. "तांदळात नवा नाव लिवल्यानी, मगे तेच तांदूळ रांधूक माकाच दिल्यानी." आजीची मान ताठ झाली. तिनं श्रुतिकाचा हात दाबला. परीक्षक बाई गहिवरल्या. "काय बोलून गेल्यात हो सुमनबाई! सबंध प्रबंधाचा प्राण आहे हे वाक्य. आणि तुम्ही ओळखी किती काळजीपूर्वक झाकल्यात, त्याचंही मला विशेष कौतुक वाटतं."

आजीनं मागे वळून पाहिलं. मग डावीकडे. मग उजवीकडे. सुमनबाई कुठं बसल्यात ते ती शोधत होती.

रेवतीनं ते पाहिलं. तिला पुढचे दोन प्रश्न नीट ऐकूही आले नाहीत, उत्तरं तोंडानं आपोआप दिली. मग नंदकिशोर सर रिवाजाप्रमाणे म्हणाले, "उपस्थितांपैकी कोणाला काही विचारायचंय?"

आजी खुर्चीचा आधार घेऊन उभी राहिली. सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली.

"ही सुमन कोण गो?"

सगळे हसले. वाईट नाही, मायेनंच हसले. आजी हसली नाही. ती रेवतीकडे बघत होती आणि उत्तराची वाट पाहत होती. एक वाक्य पुरलं असतं. आजी, सुमन म्हणजे तुम्ही, चूक माझी, तुमचं नाव मी घातलं नाही. पण परीक्षक बाईंनी आत्ताच ज्याचं कौतुक केलं होतं तेच मोडायचं? सर बघत होते. सही अजून व्हायची होती. 

"आजी, सुमन म्हणजे ना... ती वेगळी बाई आहे," ती म्हणाली. आणि परीक्षकांकडे वळून, ओशाळं हसत, "माझ्या ओळखीच्या आजी आहेत. कौतुकानं आल्यात."

"वेगळी बाई," आजीनं हळूच म्हटलं. "बरा." आणि ती खाली बसली.

रेवती डॉक्टर झाली. टाळ्या झाल्या, फोटो झाले, पेढे वाटले. ती धावत पहिल्या रांगेशी आली तेव्हा खुर्च्या रिकाम्या होत्या. आजींना बरं वाटत नव्हतं म्हणून श्रुतिका त्यांना घरी घेऊन गेली, असं कोणीतरी सांगितलं. खुर्चीखाली वळेसरातली दोन अबोलीची फुलं पडली होती. तिनं ती उचलली आणि मग त्यांचं काय करायचं हे न सुचून पर्समध्ये टाकली.

घाटकोपरला जायचा धीर व्हायला तिला पुढचा रविवार उजाडला. दाराशी ती जरा थांबली. आतून हाक आली नाही. बेल वाजवावी लागली. श्रुतिकानं दार उघडलं, "या ताई," म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

आजी खाटेवर बसली होती. रेवतीला बघून ती उठली. आजवर कधी उठली नव्हती. डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, "येवा मॅडम. बसा."

रेवतीला कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. कितीतरी दुपारी जेवून गेली होती ती या घरात, आणि आज पाहुणी झाली होती. ती खाटेशी खालीच बसली, आजीचे पाय धरले आणि रडायला लागली. सगळं सांगितलं. अर्ज, सर, कॉलेजातली जागा, तो कॉम्प्युटर. "मी घाबरले, आजी. मला तुमच्यापेक्षा माझी डिग्री मोठी वाटली. माझं चुकलं, आवडीआजी."

आजीनं पाय हळूच मागे घेतले. ती रागावली नव्हती. रागावली असती तर रेवतीला बरं वाटलं असतं.

"आवडी ती थय आसा," भिंतीवरच्या सासूच्या फोटोकडे बघत आजी म्हणाली. "ह्या घरात एकच आवडी. माझा नाव प्रेमा. उगाच खुळ्यासारखा बोललंय मी तेव्हा."

"असं नका ना बोलू. प्रबंधाचं पुस्तक होणार आहे. त्यात तुमचं नाव घालते, पहिल्या पानावर घालते. तुमची शपथ."

 आजीनं रेवतीचाच शब्द तिला परत दिला.

"बघू," ती म्हणाली.

श्रुतिकानं चहा आणला. आजी पावसापाण्याचं बोलली, रेवतीच्या आईची चौकशी केली, कपात चहा तसाच राहिलाय म्हणून "घेवा, मॅडम, निवता" म्हणाली. सगळं अगदी रीतीला धरून. परक्या बाईशी बोलावं तसं. रेवतीला अजून बसायचं होतं, पण बसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ती उठली. दाराशी चपला घालताना तिनं वळून पाहिलं. आजी लसूण ठेवलेलं सूप पुढे ओढून सोलायला लागली होती. श्रुतिका स्वयंपाकघरात भांडी विसळत होती, पाण्याचा आवाज येत होता, तिला ऐकू जाणार नव्हतं. "आवडीआजी," रेवतीनं हळूच हाक मारली, "येते मी."

म्हातारीचा हात लसणीवर क्षणभर थांबला, आणि परत चालू झाला. मान काही वर झाली नाही.

"श्रुतिका," तिनं आत बघून हाक मारली, "मॅडम गेले. दार लावन घे."