देवराईत गेलेला राजा

राजा बोले आणि दल हाले म्हणतात. एका बेटावर तारुगाने नावाचा राजा होता, त्याच्या गडावर हलायला दलच उरलं नव्हतं. आधी वादळाने समुद्राचं खारं पाणी शेतांवर आणून टाकलं, त्यात राळ्याचं पीक जळालं. मग पाऊस रुसला. मग साथ आली. लोक सुतीचीच्या झाडाची खोडं फोडून आतला गर खाऊ लागले. तो गर विषारी, कुटून, पाणी बदलत बरेच दिवस भिजवला तरच पचतो. पण भुकेल्याला एवढा धीर कुठला? ज्यांना धरवला नाही, ते तोंडाला फेस येऊन गेले.

राजाने कोठारं उघडली, स्वतःही तीच लापशी खाल्ली. लोक त्याला वाईट म्हणत नव्हते. नुसते बघत, आणि ते बघणं त्याला शिव्यांपेक्षा जड जाई. राजाची पुण्याई असेल तर शेत पिकतं, सरली तर पिकत नाही, हे त्या बेटावर पोरासोरांनाही ठाऊक. पुण्याई सरली असेल तर गादी सोडून शेजारच्या गडावरच्या तरुण सरदाराला बसवायची, एवढं त्याने ठरवून टाकलं होतं. फक्त देवाने एकदा सांगायला हवं होतं, जा की राहा.

आणि देवाला विचारणार बहीणच. भावाची राखण बहिणीचा जीव करतो आणि देवाचं बोलणं बाईच्याच कानी पडतं, अशी तिथली रीत. गडामागच्या देवराईत पुरुषाने पाऊल टाकायचं नाही, मग तो राजा का असेना. थोरली बहीण माकाटो तिथली मोठी पुजारीण. ती आत गेली की राजा हद्दीच्या दगडाशी बसून राही.

"काय म्हणाला?" ती बाहेर येताच त्याने विचारलं.

"राहा म्हणाला."

"एवढंच?"

"देव काय तुझ्यासारखा बडबड्या आहे? चल घरी. तोंड बघ, कसं वाळलेल्या कंदासारखं झालंय."

तो राहिला. गावचा म्हातारा कानी एकदा धीर करून म्हणाला, "राजे, रागावू नका. नाव पुढे जात नसली की वल्ह्यावरचा माणूस बदलून बघतात."

"मी तयार आहे, कानीबाबा. देवच सोडत नाही."

पुढेही त्याने बहिणीला पुनःपुन्हा आत पाठवलं. दर वेळी तेच उत्तर आलं. तिकडे डोंगरातल्या गुहा मेलेल्यांनी भरत चालल्या. गुहेत ठेवलेलं माणूस चुकून उठलं तर, म्हणून घरच्यांनी काही दिवस जाऊन त्याचं तोंड बघायचं असतं. आता कित्येकांचं तोंड बघायला घरात कोणी शिल्लक नव्हतं.

मग साथीने माकाटोला गाठलं. भर दुपारी तिने भावाला जवळ बोलावलं.

"तारू, राग आला तर येऊ दे, पण ऐकून घे. मला काही ऐकू आलं नव्हतं."

"कधी, अक्का?"

"कधीच नाही. आईमागे पुजारणीचा पांढरा झगा माझ्या अंगावर चढवला, तेव्हापासून. आत पानं वाजतात. ती ऐकायची आणि बाहेर येऊन शहाण्यासारखं काहीतरी बोलायचं. आजवर खपून गेलं."

"मग राहा कोण म्हणालं?"

"मी. गादी सोडलेला राजा कुठे जातो रे? रानात जाऊन एकटा मरतो. भाऊ आहेस तू माझा. इतकी माणसं जातील हे मला काय ठाऊक?"

तो रागावला नाही. रागवायलाही पोटात काही असावं लागतं. संध्याकाळच्या आत ती गेली.

तिला गुहेत ठेवून तो परतला नाही, थेट देवराईकडे निघाला. वाटेवर माकाटोच्या हाताखालची म्हातारी नाबी झाडत होती.

"राजे, तिकडे कुठे? बायकांची जागा ती."

"बाजूला हो, नाबीमावशी."

"मी मेल्यावर जा."

काटकीएवढी बाई ती. त्याने तिला अलगद उचलून कडेला ठेवलं आणि तो आत गेला.

आत मूर्ती नव्हती. ताडाची झाडं, एक दगड, थोडी राख, काही शिंपले. त्याने गुडघे टेकले. "मी जाऊ की राहू?" पानं वाजली. त्याने जिवाचा कान केला. पानंच होती ती. मग तो लहान पोरासारखा रडला, म्हणाला, "शिवी दे, पण काहीतरी बोल." इथे कोणी नाहीच, की आहे आणि आपल्याशी बोलायचं नाही त्याला? यातलं जास्त वाईट काय, हेही त्याला ठरवता येईना.

बाहेर आला तेव्हा नाबीने माणसं गोळा केली होती. ज्यांना चालता येत होतं ते सगळे आले होते. आता दगड येणार, असं त्याला वाटलं. येतील तर बरं, असंही वाटलं.

"आत गेला होतात?" कानीने विचारलं.

"गेलो होतो."

गर्दीतून मोशी पुढे आली. तिचा नवरा आणि दोन पोरं साथीत गेली होती. धाकटा राहिला होता, तो भुकेने रडतो म्हणून तिने अर्धवट भिजलेल्या गराची लापशी स्वतःच्या हाताने त्याला भरवली होती. ती राजाच्या अगदी जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "आधीही जायचात ना, राजे? चोरून? म्हणूनच कोपला ना देव? माझं धाकटं म्हणूनच गेलं ना?"

त्या आवाजात शाप नव्हता, विनवणी होती. तारुगानेने तिच्या हातांकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "पहिल्यापासून जात होतो."

मोशी मटकन खाली बसली आणि मोकळेपणाने रडू लागली. लेकरू गेल्यापासून तिला रडूच आलं नव्हतं. कानीने पुढे होऊन राजाच्या केसांतली सोन्याची काडी, राजेपणाची खूण, काढून घेतली. केस खांद्यावर सुटले. कोणी दगड मारला नाही. लोक एकमेकांना सांगू लागले होते, बघा, हे कारण होतं, आणि बोलता बोलता त्यांच्या तोंडांवर जरा रंग येत होता.

तारुगाने त्यांच्यामधून रानाकडे चालू लागला. त्याला वाट द्यायला सगळे बाजूला सरकले, आपला त्याला स्पर्श होऊ नये म्हणून.